फोन दाखव जरा

पंचनाम्याची भाषा मला पाठ आहे. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपासच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा परीक्षा दिलेली बाई बसते म्हणून वकील मंडळी अजून हातानं लिहिलेला मजकूर माझ्याकडे टाइप करायला आणतात. दोषारोपपत्राच्या गठ्ठ्यात पंचनामे असतातच. बरेचसे हातानं लिहिलेले, कार्बनवरून उतरलेले, पुसट. सुरुवात ठरलेली असते. आम्हां पंचांना अमुक अधिकाऱ्यांनी समक्ष बोलावून कळविले, आम्ही स्वखुशीने पंच म्हणून हजर राहण्यास संमती दिली. घरझडती असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं: घरातील इसमास झडतीचा उद्देश समजावून सांगितला, त्यांनी झडती घेण्यास संमती दर्शविली. गाव बदलतं, हस्ताक्षर बदलतं, गुन्हा बदलतो. संमती मात्र हटकून असते. ‘नको’ म्हणणारा माणूस असलेला पंचनामा माझ्या मशीनवरून गेल्याचं मला आठवत नाही. आमच्या सोसायटीत गेटला कोणता रंग द्यायचा यावर सभा उधळतात, आणि इथे अख्खा महाराष्ट्र एकमतानं हो म्हणतोय.

हे सगळं मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत टाइप करत आले. त्यावर लिहावंसं वाटलं ते भाच्यामुळे.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री एकच्या सुमाराला मित्राकडून अ‍ॅक्टिव्हावरून घरी येत होता. नदीपलीकडच्या एका चौकात नाकाबंदी होती. हेल्मेट होतं, पीयूसी होती, ट्रिपल सीट नव्हता. लायसन्स मागितलं. आजकालची मुलं लायसन्स बाळगत नाहीत, त्यांचं सगळं डिजीलॉकरमध्ये. म्हणजे लायसन्स दाखवायचं म्हणून फोन खिशातून निघाला, कुलूप उघडलं आणि फोन पोलिसाच्या हातात गेला. लायसन्स बघून झालं. फोन परत आला नाही. “व्हॉट्सअ‍ॅप बघू का रे जरा?” असं त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, “हो साहेब, बघा ना.” मग त्यांनी वरच्या शोधायच्या चौकटीत ‘माल’ असं टाइप केलं.

माझ्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरच्या ग्रुपवर ‘माल आला का’, ‘माल उतरवून घे’, ‘माल कमी आलाय, फोन कर’ याखेरीज दुसरं काही नसतं. साहेब बराच वेळ वाचत राहिले. खिळे, बिजागऱ्या, पीव्हीसी पाइप यांची उलाढाल त्यांच्या नजरेखालून गेली. मग त्याच ओघात त्यांनी फोटोही चाळले, आणि त्यात त्याच्या मैत्रिणीचेही होते. शेवटी फोन परत देत “जा, नीट जा,” म्हणाले. शिवी नाही, धक्का नाही, पैसे नाहीत. भाचा दुसऱ्या दिवशी जेवताना हे गंमत म्हणून सांगत होता. मैत्रिणीच्या फोटोंचा भाग त्यानं नंतर मला एकटीला सांगितला.

मी विचारलं, “नाही म्हणायचं ना.” तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी जणू त्याला लकडी पुलावरून मुठेत उडी मारायला सांगितली. “आत्या, रात्रीचा एक वाजला होता. नाही म्हटलं असतं तर डिकी उघड, चौकीत चल, बापाला फोन लाव. त्यापेक्षा दोन मिनिटं बघू दिलं.” म्हणजे त्यानं हिशेब केला होता, आणि हिशेब बरोबर होता. फक्त या हिशेबाला संमती म्हणायचं की नाही, एवढंच मला ठरवता येईना.

अमेरिकेतला एक खटला या प्रश्नावर कायद्याच्या वर्गात हमखास शिकवतात. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात पहाटे पावणेतीनच्या सुमाराला एक गाडी थांबवली गेली. कारण काय, तर हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद. गाडीत सहा जण. पोलिसानं गाडी बघू का विचारलं, त्यांतला एक जण म्हणाला, हो, बघा की. वातावरण इतकं खेळीमेळीचं होतं की त्यानं स्वतः डिकी उघडायला मदत केली. मागच्या सीटखाली चोरीचे चेक सापडले. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं श्नेक्लॉथ विरुद्ध बुस्तामोंते या निकालात सांगितलं की संमती स्वेच्छेची होती की नाही हे सगळी परिस्थिती बघून ठरवायचं. ‘तुला नाही म्हणता येतं’ हे पोलिसानं सांगायलाच पाहिजे असं नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं मत लिहिलं. आपल्याला निवड आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्यानं निवड केली असं कसं म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. पण तो पुरा पडत नाही, कारण माझ्या भाच्याला नाही म्हणता येतं हे ठाऊक होतं. मुलगा दिवसभर इंटरनेटवर असतो, त्याला काय ठाऊक नसतं? नाही म्हटल्यावर पुढे काय होईल, हेही त्याला तितकंच ठाऊक होतं.

यावर दोन बायकांनी एक प्रयोग केला आहे. रोझॅना सॉमर्स आणि व्हॅनेसा बॉन्स, तो येल लॉ जर्नलमध्ये २०१९ साली छापून आला. प्रयोगशाळेत आलेल्या लोकांना सांगितलं, सुरुवात करण्याआधी तुमचा फोन कुलूप उघडून द्या, मी जरा बाहेर नेऊन बघते. शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांनी देऊन टाकला. समोर पोलीस नव्हता, काठी नव्हती, रात्र नव्हती, विद्यापीठातली एक साधी मुलगी होती. आणि हीच गोष्ट दुसऱ्या लोकांना नुसती कल्पना करायला सांगितली, तर बहुतेकांचं मत पडलं की शहाणा माणूस फोन देणार नाही. न्यायाधीश खुर्चीत बसून जे करतात ते हेच. आपण त्या जागी असतो तर नाही म्हटलं असतं, असं त्यांना वाटतं. मलाही वाटलंच होतं की, वरणभात कालवता कालवता.

त्या प्रयोगात पुढे एक गोष्ट निघाली, ती जास्त बोचते. तुम्ही नाही म्हणू शकता असं आधी स्पष्ट सांगितलं, तरी फारसा फरक पडला नाही. लोकांनी फोन दिलाच.

याचा पुरावा माझ्या दुकानात पडलेला असतो. आपल्याकडे अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. त्याच्या ५० व्या कलमात अंगझडतीपुरता एक फार चांगला नियम आहे. ज्याची झडती घ्यायची त्याची इच्छा असेल तर त्याला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे न्यायचं आणि तिथे झडती घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९९ मध्ये पंजाबच्या बलदेवसिंग खटल्यात आणि पुन्हा २०१० मध्ये गुजरातच्या विजयसिंह जाडेजा खटल्यात ठणकावून सांगितलं की हा हक्क आहे हे त्या माणसाला सांगितलंच पाहिजे, थोडंफार सांगितलं म्हणजे चाललं असं नाही. वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात दोषारोपपत्रात एक कागद येतो. वर पत्र: आपणास असा असा अधिकार आहे. खाली उत्तर: मला अधिकार समजला, मला राजपत्रित अधिकारी अथवा मॅजिस्ट्रेट यांची गरज वाटत नाही, आपण झडती घ्यावी. प्रश्न आणि उत्तर एकाच अक्षरात. उत्तराखाली सही, नाहीतर अंगठा. ज्याच्या बॅगेत गांजा आहे तो माणूस मॅजिस्ट्रेट नको, तुम्हीच बघा असं मोकळ्या मनानं सांगतो, यावर विश्वास ठेवायला मोठं मन लागतं. (बॅग म्हटलं खरं, पण बॅगेला हे कलम लागत नाही, फक्त अंगाला लागतं, असं न्यायालयानं २००५ मध्ये ठरवलं आहे. वकिलांचा निम्मा युक्तिवाद त्या एका फरकावर चालतो.)

आता घरझडतीबद्दल. मी स्वतः एकदा पंच म्हणून गेले आहे, आमच्याच जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. आजोबा एकटे राहायचे. त्यांच्या पुतण्यावर पैशाच्या फसवणुकीची तक्रार होती आणि काही कागद त्या घरात असतील असा पोलिसांचा समज. वॉरंट होतं का, हे मी विचारलं नाही आणि कुणी दाखवलंही नाही. आजोबांनी दार उघडलं, गॅसवरचं दूध बंद केलं, आणि कुणी काही मागायच्या आत देवघरामागून गोदरेजच्या कपाटाची किल्ली काढून हवालदाराच्या हातात ठेवली. मला नंतर म्हणाले, “कपाट फोडलं असतं तर सुनेला काय सांगू?” मग सगळ्यांना विचारलं, “चहा ठेवू का?” झडती चालू असताना त्यांनी खरंच चहा ठेवला. साहेब नको नको म्हणत प्याले. पंचनाम्यात आलं की घरमालकांनी स्वखुशीने सहकार्य केले. एकही शब्द खोटा नव्हता.

आणि माझी स्वखुशी? कायद्यानं पंच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की लेखी हुकूम देऊनही सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार दिला तर तो गुन्हा. लेखी हुकूम मी तरी पाहिलेला नाही. तसा तो लागतही नाही. चहाच्या टपरीवरच्या माणसाला लांबून हात केला की तो फडक्याला हात पुसत येतो, कारण उद्याही त्याला त्याच कोपऱ्यावर गाडी लावायची असते.

यातली खरी मेख मला बऱ्याच उशिरा एका वकिलांनी सांगितली. आपल्याकडे झडतीला संमती मुळात लागतच नाही. वॉरंट असेल तर आत घ्यावंच लागतं. वॉरंट नसेल आणि तपास अधिकाऱ्याला घाई असेल, तर याच नव्या संहितेचं कलम १८५ आहे. पण त्याला अटी आहेत. का झडती घ्यायची याची कारणं आधी लिहून ठेवायची, शक्य तितकं काय शोधतोय ते लिहायचं, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. घरमालकानं अर्ज केला तर त्यालाही ती फुकट मिळते. मग एवढे अधिकार हाताशी असताना संमती कशाला लिहितात? वकील म्हणाले, “ताई, कारण लिहायला कारण असावं लागतं.” संमती आली की लिहिण्याचं काम वाचतं. पुढे कुणी विचारत नाही की संशय कशाचा होता, कोणत्या गुन्ह्यात होता, कुणी ठरवला. त्यातून आपल्याकडे झडती बेकायदा ठरली तरी सापडलेला पुरावा सहसा बाद होत नाही. सत्तरच्या दशकातल्या पूरणमल खटल्यापासून न्यायालयांची तीच रीत आहे. तेव्हा संमती पुरावा वाचवण्यासाठी घेतात असंही नाही. ज्याची झडती झाली त्यानं नंतर तोंड उघडू नये, एवढाच तिचा उपयोग.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर दुचाकीवाल्यांना थांबवून फोनमध्ये गांजाचे मेसेज शोधतात, असे व्हिडिओ फिरले होते. तेव्हा तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की सक्ती कुणावर नाही, लोक सहकार्य करतात, तक्रार कुणाची नाही, तर मग बेकायदा काय आहे? माझ्या भाच्याचीही तक्रार नाही. त्या अधिकाऱ्यांच्या हिशेबात तो अजून एक सहकार्य करणारा नागरिक.

हा युक्तिवाद महाराष्ट्रानं फार वाईट रीतीनं एकदा ऐकला आहे. मथुरा खटला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर एका पोलिसानं बलात्कार आणि दुसऱ्यानं विनयभंग केल्याचा तो खटला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती होती असा त्यांचा एकंदर सूर. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. संमती देणं आणि मुकाट्यानं शरण जाणं यांत फरक आहे आणि तो न्यायालयानं पाहिला नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पोलीस ठाण्यात, रात्री, एकटी मुलगी. तिथे गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? त्या पत्रातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा खटल्यात बाई संमती नव्हती म्हणाली तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालायचं, असं गृहीतक आलं.

बलात्कार आणि फोन तपासणं मी एका पारड्यात घालत नाहीये, कुणी तसं वाचू नये. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की आपल्या कायद्याला ही गोष्ट समजत नाही असं नाही. वर्दीपुढच्या माणसाच्या होकाराला तो सरळ होकार मानत नाही, निदान काही ठिकाणी. २०१० च्या सेल्वी निकालात नार्को चाचणीबद्दलही तेच झालं. संमती हवी, तीही वकिलाशी बोलून, आणि मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवलेली. म्हणजे पोलीस आणि तो माणूस यांच्या मध्ये तिसऱ्या कुणाला तरी आणून बसवायचं. हा उपाय मला खरा वाटतो. माझ्या डोक्यात कोणती औषधं सोडायची यासाठी मॅजिस्ट्रेट लागतो. माझ्या फोनसाठी चौकातला अंधार पुरतो, आणि आता डोक्यात जेवढं आहे त्याहून जास्त फोनमध्ये असतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात सांगितलं, तो निकाल नाकाबंदीच्या बॅरिकेडपर्यंत पोचायचा आहे.

नव्या संहितेत कलम १०५ नं झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलं आहे. चांगलं आहे, पंचनामा निदान ठाण्यात बसून लिहिला जाणार नाही. पण भाच्याचं चित्रण झालं असतं तर त्यात काय दिसलं असतं? हसतमुख मुलगा, “बघा ना साहेब” म्हणणारा. आजोबांचं चित्रण तर जाहिरातीत वापरता आलं असतं, हातात चहाचा ट्रे होता.

म्हणून नीट विचारा, हक्क समजावून सांगा, फॉर्मवर सही घ्या, याचा मला आता उबग आला आहे. तो फॉर्म शेवटी माझ्याच मशीनवर येणार आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दुसरी वाट धरली. रस्त्यावर थांबवलेल्या गाडीची झडती संमतीनं घ्यायची असेल तरी, संमती मागण्याआधीच काही ठोस संशय असला पाहिजे. नसेल तर विचारायचंच नाही. ओझं उत्तर देणाऱ्यावरून उचलून विचारणाऱ्यावर ठेवलं. आपल्याकडे हे फोनपुरतं तरी व्हावं. आणि जोडीला एक पावती. हेल्मेट नसल्याच्या चलनावर तारीख, वेळ, जागा, कलम सगळं छापून येतं. फोन चाळला तर कोणत्या कारणानं, कुणी, किती वाजता, एवढं तरी लिहून हातात द्यावं. पावती फाडायची म्हटली की ‘सहज’ बघणारे निम्मे हात आपोआप आखडतील, असा माझा अंदाज आहे. निम्मे राहतील. ते खरोखर कामाचे असतील तर राहू देत, माझी हरकत नाही.

भाच्याला यातलं काही पटलेलं नाही. “आत्या, पावती मागणाऱ्याची गाडीच उचलतील,” म्हणतो. शिवाय त्याचं पालुपद आहेच, लपवण्यासारखं माझ्याकडे आहे काय? त्यावर मी मैत्रिणीच्या फोटोंचा विषय काढला, तर ते वेगळं, म्हणाला. मी वाद घातला नाही. आरटीओनं पाठवलेलं त्याचं लायसन्सचं प्लास्टिक कार्ड ड्रॉवरमध्ये पाकिटासकट पडलं होतं, ते काढून त्याच्या खिशात घातलं, आरसीची झेरॉक्स लॅमिनेट करून डिकीत टाकली. झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल लागते म्हणतील, हे मला माहीत आहे. तेव्हा डिजीलॉकर उघडावं, फोन आपल्याच हातात धरून.